पुस्तक इश्यू होतं, मग कॅमेरा का नाही?

तुमच्या शेवटच्या ग्रुप प्रोजेक्टचा डिरेक्टर कोण होता, आठवा बरं. ज्याला सगळ्यात भारी विषय सुचला तो? की ज्याच्याकडे डीएसएलआर होता तो? खरं सांगा. आमच्या वर्गात तरी ज्याचा कॅमेरा तोच डिरेक्टर, असा सरळ हिशोब होता. विषय तो ठरवणार, शूटची तारीख तो ठरवणार, आणि त्याच्या चुलत भावाचं लग्न असलं की अख्ख्या ग्रुपचं शूट पुढे ढकललं जाणार.

माझ्या ग्रुपमध्ये बीडकडची एक मैत्रीण होती. तिची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. आजीचं निम्मं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं, त्यामुळे तिच्या ओव्यांत माहेर, भाऊराया आणि विठोबा तर असायचेच, पण बैलगाडी, कोयता आणि मुकादमही असायचा. मैत्रिणीला आजीवर दहा मिनिटांची डॉक्युमेंटरी करायची होती. विषय सगळ्यांनाच आवडला. अडलं ते कॅमेऱ्यावर. भाड्याने आणायचा तर तीन दिवसांचं भाडं आणि वर डिपॉझिट. तेवढ्यात तिची महिन्याची मेस निघाली असती. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत तिने स्वतःच्या फोनवरच रेकॉर्डिंग केलं. तिसऱ्या ओवीला फोन म्हणाला, ‘स्टोरेज फुल’. जुने फोटो डिलीट करून तिने पुन्हा सुरुवात केली. सुट्टीनंतर आम्ही ते सगळं लॅपटॉपवर ऐकलं, तर वाऱ्याच्या घरघरीत आजीचे निम्मे शब्द हरवलेले. मग आम्ही दुसऱ्या एकाचा कॅमेरा मिळतोय म्हणून ‘कॅन्टीनचा चहा’ या विषयावर प्रोजेक्ट केला. मार्क चांगले पडले. आजी त्याच उन्हाळ्यात गेली.

हे रडगाणं गाण्यासाठी मी लिहायला बसलेली नाही. पण मध्यंतरी आमची एक सीनियर ताई, जी आता अमेरिकेत शिकते, तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. तिच्या मागे मस्त राखाडी पडदा, चेहऱ्यावर न्यूज अँकरसारखा लाइट. म्हटलं, ‘ताई, कुठल्या स्टुडिओत बसलीयेस?’ ती म्हणाली, ‘स्टुडिओ कसला गं, आमची लायब्ररी आहे ही. अर्ध्या तासासाठी खोली बुक केलीये.’ त्या दिवसापासून मी लायब्ररी या प्रकाराच्या मागेच लागले. जे सापडलं ते तुमच्यापर्यंत पोहोचवायलाच हवं.

पेनड्राइव्ह लावा, बटण दाबा

अमेरिकेतल्या पेन स्टेट युनिव्हर्सिटीच्या पॅटी लायब्ररीत साधारण २०१२ पासून ‘वन बटन स्टुडिओ’ नावाची सोय सुरू झाली. नावातच सगळं आलं. एक छोटी खोली. मागे पडदा. कॅमेरा, माइक आणि लाइट आधीच योग्य जागी पक्के बसवलेले, कुणी हलवायचे नाहीत. टेबलावर एक बटण. तुम्ही फक्त तुमचा पेनड्राइव्ह घेऊन जायचं. तो लावला की लाइट आपोआप लागतात आणि कॅमेरा जागा होतो. बटण दाबलं की समोरच्या स्क्रीनवर उलटी मोजणी सुरू होते आणि मग रेकॉर्डिंग. झालं की पुन्हा तेच बटण दाबा. व्हिडिओ तुमच्या पेनड्राइव्हमध्ये येऊन पडतो. पेनड्राइव्ह काढला की लाइट बंद. संपला विषय!

आता मास कॉमवाले म्हणतील, यात काय शिकलो? फोकस नाही, फ्रेमिंग नाही. बरोबर आहे, पण ही खोली मुळात आपल्यासाठी केलेलीच नाही. ती आहे जर्मनीची ओरल परीक्षा देणाऱ्या मुलीसाठी, सेमिनारच्या आधी स्वतःला एकदा बघून घ्यावं असं वाटणाऱ्या फिजिक्सच्या मुलासाठी, नोकरीच्या मुलाखतीची तालीम करणाऱ्यासाठी, एखादा अवघड धडा रेकॉर्ड करून ठेवू पाहणाऱ्या प्राध्यापकांसाठी. ज्यांना कॅमेऱ्याची भीती वाटते, त्यांची ती भीतीच या खोलीने काढून घेतली. बोलायचं काय, एवढाच विचार तुम्ही करायचा.

पेन स्टेटने आणखी एक चांगली गोष्ट केली. हे सगळं चालवणारं सॉफ्टवेअर त्यांनी फुकट उपलब्ध करून दिलं आणि कुठलं सामान लागतं तेही सांगून टाकलं. त्यामुळे इतर विद्यापीठांच्या लायब्रऱ्यांनी हीच खोली आपापल्या इमारतीत उभारली. आमच्या ताईची खोलीही त्यातलीच.

पुस्तकं रोबोटकडे, जागा पोरांकडे

दुसरं उदाहरण जरा श्रीमंती थाटाचं आहे, पण त्यातला विचार घेण्यासारखा आहे. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीची हंट लायब्ररी २०१३ मध्ये उघडली. तिथे रॅकच्या रांगा फारशा दिसत नाहीत. पुस्तकं एका मोठ्या कोठीत डब्यांमध्ये ठेवलेली असतात. तुम्ही कॅटलॉगमध्ये पुस्तक निवडलं की रोबोटची क्रेन जाते, तो डबा शोधून आणते आणि पुस्तक काउंटरवर येतं. या व्यवस्थेला ते ‘बुकबॉट’ म्हणतात. २० लाख पुस्तकं मावतील एवढी तिची क्षमता आहे, आणि नेहमीच्या रॅकना जेवढी जागा लागली असती, तिच्या नवव्या हिश्श्यात हे सगळं बसतं.

मग उरलेल्या जागेचं काय केलं? ती विद्यार्थ्यांना दिली. ग्रुपने बसायच्या खोल्या, व्हिडिओ आणि ऑडिओसाठी स्टुडिओ, मोठमोठे स्क्रीन. शिवाय या विद्यापीठाच्या लायब्रऱ्यांत कॅमेरा, माइक, ट्रायपॉड या वस्तू पुस्तकासारख्या इश्यू होतात. कार्ड दाखवा, घेऊन जा, ठरलेल्या दिवशी परत आणा. उशीर झाला तर दंड, पुस्तकाला असतो तसाच. पाश्चात्य देशांतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या लायब्रऱ्यांत आता जुन्या कॅसेट डिजिटल करून घ्यायचीही सोय असते. तुमच्या घरच्या माळ्यावर मामाच्या लग्नाची व्हीएचएस किंवा आजोबांच्या कीर्तनाची कॅसेट पडलेली असेल, तर याचं मोल तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि हे फक्त विद्यापीठांपुरतं राहिलेलं नाही. फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराने डिसेंबर २०१८ मध्ये ‘ओडी’ नावाचं सार्वजनिक ग्रंथालय उघडलं. तिथल्या एका मजल्यावर रेकॉर्डिंग स्टुडिओ, थ्रीडी प्रिंटर आणि चक्क शिलाई मशीन आहेत. शहरातल्या कुणीही यावं आणि वापरावं.

पण लायब्ररीतच कशाला?

हा प्रश्न मला आमच्याच सरांनी विचारला. ‘स्टुडिओ मास कॉम डिपार्टमेंटमध्ये असतो की! लायब्ररीत पोरांनी वाचावं.’

विचार केला तर उत्तर सोपं आहे. डिपार्टमेंटच्या स्टुडिओला डिपार्टमेंटचं कुलूप असतं. एमए मराठीच्या मुलीला लोककलावंताची मुलाखत रेकॉर्ड करायची असेल, बॉटनीच्या मुलाला देवराईतल्या झाडांवर फिल्म करायची असेल, तर त्यांनी कुणाची चिठ्ठी आणायची? अख्ख्या कॅम्पसमध्ये ज्या दाराशी तुमची ब्रँच विचारत नाहीत, फक्त आयकार्ड बघतात, असं दार लायब्ररीचंच.

बीएडवाल्यांचं उदाहरण घ्या. त्यांना सूक्ष्म अध्यापन करावं लागतं, म्हणजे पाच-सात मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा आणि त्यावर इतरांनी काय चुकलं ते सांगायचं. ही पद्धत १९६०च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाली, तेव्हा तिच्यात व्हिडिओ रेकॉर्डिंगला महत्त्वाची जागा होती. शिकवणाऱ्याने स्वतःला बघायचं आणि सुधारायचं. आपल्याकडे पद्धत आली, अभ्यासक्रमात बसली, पण बऱ्याच ठिकाणी कॅमेरा मात्र मागेच राहिला. मागच्या बाकावर बसलेली मैत्रीण सांगते, ‘तू फळ्याकडेच बघत होतीस’, आणि आपण म्हणतो, ‘छे, मी नाही!’ एक बटणवाली खोली असती, तर भांडण दोन मिनिटांत मिटलं असतं.

मुळात पुस्तक तरी लायब्ररीत का आलं? प्रत्येकाला विकत घेणं परवडत नाही म्हणून. ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे सगळ्यात मोठे नाव म्हणजे एस. आर. रंगनाथन. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातल्या पाचव्या नियमाचा अर्थ असा की ग्रंथालय ही वाढत जाणारी, सजीव गोष्ट आहे. लायब्ररी सायन्सच्या मुलांना हे नियम तोंडपाठ असतात. आता परीक्षेत जे लिहितो, ते इमारतीत दिसायला काय हरकत आहे?

ग्रंथपालांना येतं, आपल्याला येत नाही

अजून एक कारण आहे, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कॅमेरा मिळाला की काम झालं असं आपल्याला वाटतं. पुढे दोन भानगडी असतात.

पहिली कॉपीराइटची. प्रोजेक्टला मागे कुठलं तरी गाणं लावायचं आणि अपलोड केल्यावर आवाजच गायब झाला की रडत बसायचं, हे तुमच्याही बाबतीत झालं असेल. नियम काय आहे? आपल्याकडे लेखन आणि संगीत यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं. म्हणून दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मधला शॉट तुम्ही बिनधास्त वापरू शकता. पण जुनी रेकॉर्ड असली तरी जपून. ध्वनिमुद्रणाची मुदत संपलेली असते, गीतकार-संगीतकाराची संपलेली असेलच असं नाही. हे सगळं सांगणारं माणूस कॅम्पसमध्ये शोधायचं झालं, तर ते ग्रंथपालांच्या टेबलाशीच सापडतं.

दुसरी भानगड जपून ठेवण्याची. तुमचं एफवायचं प्रोजेक्ट आता कुठे आहे? पेनड्राइव्ह हरवला, लॅपटॉप फॉरमॅट मारला, ड्राइव्हची लिंक चालत नाही. बरोबर ना? तेच प्रोजेक्ट लायब्ररीत जमा झालं, त्याला कॅटलॉग नंबर मिळाला, कुणाची मुलाखत, कुठल्या गावात, कुठल्या तारखेला आणि कुणाच्या परवानगीने, हे नोंदलं गेलं, तर पुढच्या दहा बॅचना ते सापडेल.

नोंदीने काय होतं ते बघायचं असेल, तर जात्यावरच्या ओव्यांचाच प्रकल्प बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या हजारावर गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९०च्या दशकात त्यातल्या काहींचं व्यवस्थित ध्वनिमुद्रणही झालं. आज हा ठेवा ‘पारी’च्या वेबसाइटवर आहे. कुठली ओवी, कुणी म्हटली, गाव कुठलं, सगळं. ज्या बायांचा आवाज टेपवर आला, त्या आज आपल्याला ऐकू येतात. बाकीच्यांचे शब्द कागदावर आहेत, पण आवाज नाही. माझ्या मैत्रिणीने हे ऐकलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आपल्या लायब्ररीत एक साधा माइक असता ना, तरी चाललं असतं.’

आपल्याकडे काहीच नाही, असं नाही

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. विद्यापीठात स्टुडिओ ही कल्पना आपल्याला नवी नाही. यूजीसीचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर १५ ऑगस्ट १९८४ पासून सुरू झाला. त्यासाठी देशातल्या काही विद्यापीठांत शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी केंद्रं उभी राहिली. पुणे विद्यापीठातलं केंद्र हे त्यातलंच एक. तुमच्या आई-बाबांना विचारा, दुपारच्या वेळी टीव्हीवर लागणारे ते कार्यक्रम त्यांना आठवत असतील.

आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पही तुम्हाला माहीत असेल. मोफत सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे छोटे व्हिडिओ, आणि ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत. स्क्रीन रेकॉर्ड करायची, त्यावर नीट आवाज द्यायचा, एवढ्यावर हे उभं आहे. महागड्या कॅमेऱ्याशिवाय किती मोठं काम होतं, हे बघायला अमेरिकेला जायची गरज नाही.

फरक एवढाच की या केंद्रांमध्ये कार्यक्रम बनतात ते जाणकारांकडून, आपल्यासाठी. कुठल्याही शाखेच्या मुलाने उठून जावं आणि स्वतःचं काहीतरी रेकॉर्ड करून यावं, ही जागा मोकळीच राहिली आहे. २०२० च्या लॉकडाउननंतर बऱ्याच कॉलेजांत ऑनलाइन लेक्चरसाठी एखादी खोली सजवली गेली. कॅमेरा आला, लाइट आला, मागे कॉलेजचं नाव लिहिलेला बोर्डही आला. तुमच्या कॉलेजात ती खोली आता कशासाठी वापरतात, एकदा डोकावून बघा.

एका खोलीत काय काय लागेल?

हंट लायब्ररी नको, एक खोली पुरे. आम्ही मित्रमैत्रिणींनी मिळून यादी केली, ती अशी:

खोली – रस्त्यापासून लांब, शक्यतो लहान. मोकळ्या भिंतींमुळे आवाज घुमतो. जाड पडदा लावा, खाली सतरंजी टाका आणि एका भिंतीला पुस्तकांनी भरलेलं रॅक ठेवा. पुस्तकांच्या वर-खाली पाठींवर आवाज विखुरतो आणि घुमणं कमी होतं. म्हणजे लायब्ररीकडे हे सामान फुकटच आहे.

माइक – पैसे कमी असतील तर आधी माइक घ्या, कॅमेरा नंतर. चित्र जरा अंधारं असलं तर लोक बघतात, आवाज खराब असला तर दहा सेकंदांत निघून जातात. वायरवाला कॉलर माइक सुरुवातीला उत्तम.

लाइट आणि कॅमेरा – दोन एलईडी लाइट, एक ट्रायपॉड. कॅमेरा म्हणून एखादा बरा फोन किंवा वेबकॅम चालतो.

कॉम्प्युटर – आवाजासाठी ऑडॅसिटी, रेकॉर्डिंगसाठी ओबीएस, एडिटिंगसाठी केडेनलाइव्ह. तिन्ही मोफत आहेत.

माणूस – दुपारी दोन तास बसणारा, कमवा-शिका योजनेतला एखादा विद्यार्थी. कुठली वायर कुठे जाते एवढं त्याला आलं तरी बास.

रजिस्टर – नाव, वेळ, सही. आपल्याकडे याच्याशिवाय काही सुरूच होत नाही, तेव्हा हेही लिहून टाकलं!

तोपर्यंत काय?

खोली मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. फोनवर रेकॉर्ड करताना आधी एअरप्लेन मोड लावा आणि स्टोरेज रिकामं करा (हे मी अनुभवाने सांगतेय). पंखा बंद करा. फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. बाहेर असाल तर माइकच्या भोकावर स्पंजचा तुकडा धरा, वाऱ्याची घरघर बरीच कमी होते. ट्यूबलाइटखाली व्हिडिओ लुकलुकत असेल, तर कॅमेऱ्याच्या मॅन्युअल सेटिंगमध्ये शटर एक छेद पन्नासवर आणा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते, म्हणून हा आकडा. आणि ज्याचं रेकॉर्डिंग करताय त्याची परवानगी त्याच्याच आवाजात सुरुवातीला घ्या. नाव, गाव, तारीख. हे तीस सेकंद पुढे फार कामाला येतात.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. आम्ही चौघांनी आमच्या ग्रंथपाल मॅडमना अर्ज दिला. ‘लायब्ररीत रेकॉर्डिंगसाठी एक खोली मिळावी’ असा, खाली ११२ सह्या. सह्यांमध्ये कॉमर्सवाले होते, बीएडवाले होते, एनसीसीतला एक मुलगाही होता, ज्याला पोवाडा रेकॉर्ड करायचा आहे. मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढून म्हणाल्या, ‘अरे, वरच्या मजल्यावर मायक्रोफिल्मची जुनी खोली रिकामीच आहे. फक्त तिची किल्ली कुणाकडे आहे ते बघावं लागेल.’

सध्या आम्ही किल्ली शोधतोय. शिपाई काकांचं म्हणणं ती ऑफिसमध्ये आहे, ऑफिसचं म्हणणं काकांकडे. तुमच्या कॉलेजातही अशी एखादी बंद खोली असणार. या आठवड्यात पुस्तक परत करायला गेलात की विचारून तर बघा!